ऋण काढून सण? : आमच्या ट्रस्टने फाउंडेशनकडून कर्ज घ्यावं का

कोपरीकर | १४ जून, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, आणि तोही पैशाचा.

ठाणे पूर्वेला आमची एक छोटी कार्यशाळा आहे, अठरा वर्षांपुढच्या विशेष मुलांसाठी. 'मुलं' ही आपली तोंडची सवय. सगळ्यात धाकटा एकवीसचा आहे आणि थोरली सत्तेचाळीसची. विशेष शाळा अठराव्या वर्षी संपते, मग घरी बसून भिंती किती बघायच्या, म्हणून काही पालकांनी मिळून ट्रस्ट काढला. आज एकतीस जण येतात. मी सहा वर्षं खजिनदार आहे, म्हणजे दुसरं कुणी तयार होत नाही म्हणून आहे.

मुलं पणत्या रंगवतात, कागदी पिशव्या करतात, उटण्याची पाकिटं भरतात. ज्याला आकडे येत नाहीत त्याच्यासाठी पुठ्ठ्यावर बारा गोल काढलेत. एका गोलावर एक पणती. सगळे गोल झाकले की डझन झाला, मग तो टेबलावरची घंटी वाजवतो. मध्ये कुणी बोललं तर सगळ्या पणत्या उचलून पहिल्या गोलापासून सुरुवात. त्यामुळे आमच्याकडे पाहुण्यांना दाराशीच 'शू' करतात.

आता मुद्दा. दिवाळीच्या ऑर्डरी ऐरोली-महापेच्या कंपन्यांकडून येतात. कच्च्या पणत्या, रंग, खोकी यांचे पैसे जुलै-ऑगस्टमध्ये रोख मोजावे लागतात. माल दसऱ्याच्या आसपास पोचतो आणि बिलाचे पैसे 'साठ दिवसांत', म्हणजे नाताळनंतर कधीतरी. मधल्या काळात मुलांचं मानधन दर महिन्याच्या सात तारखेला द्यावंच लागतं. पाकीट उशिरा मिळालं तर रंगवणाऱ्या मुलीला 'येणी थकली आहेत' हे कसं सांगणार? मागच्या वर्षी अध्यक्षकाकांनी स्वतःची एफडी मोडली आणि माझ्या बांगड्या चार महिने बँकेत राहून आल्या. घरी अजून नीट सांगितलेलं नाही.

यंदा ऑर्डर जवळपास १३ लाखांची आहे आणि आधी घालायला ८ लाख लागतील. आम्हाला दोन वर्षं देणगी देणाऱ्या एका फाउंडेशनकडे गेलो, तर ते म्हणाले, "यंदा अनुदान नाही. पण ८ लाख देतो. तारण नको. बारा महिन्यांत परत करा, वर ३ टक्के सेवा शुल्क."

रविवारी कार्यकारिणीची बैठक झाली. दोन तास. एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "ऋण काढून सण करू नये." आमच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे! निर्णय झाला नाही. कुणी असं कर्ज घेतलंय का? धर्मादाय संस्थेने घेणं बरोबर आहे का? कायद्याची काही भानगड?

---

पारसिकचा_वारा | १४ जून, रात्री ११:४०

वाचतोय. बांगड्यांचं घरी सांगून टाका, इथे घरचे वाचत असतील तर पंचाईत.

---

तलावपाळी | १५ जून, सकाळी ६:५५

स्पष्ट बोलतो. द्यायची तर देणगी द्या, नाहीतर नाही म्हणा. धर्मादाय म्हणायचं आणि वर ३ टक्के घ्यायचे, याला आमच्या गावात वेगळा शब्द होता. फाउंडेशनच्या अहवालात फोटो तुमच्या मुलांचा, पैसे मात्र परत त्यांच्या खिशात. अंथरूण पाहून पाय पसरावेत. ऑर्डर सहा लाखांचीच घ्या.

---

गार्डनस्टेट | १५ जून, सकाळी ८:३०

(मूळ नौपाड्याचा, सध्या न्यू जर्सी.) तलावपाळी काका, खिशाचं तुम्ही म्हणता तसं नाही, निदान इथे तरी.

अमेरिकेत या प्रकाराला पीआरआय म्हणतात, म्हणजे संस्थेच्या कामाशी निगडित गुंतवणूक. फोर्ड फाउंडेशनने १९६८ साली हे सुरू केलं आणि १९६९ च्या करसुधारणा कायद्यात त्याला जागा मिळाली. तिथल्या खाजगी फाउंडेशनला दरवर्षी आपल्या मालमत्तेच्या साधारण ५ टक्के रक्कम वाटावीच लागते. स्वस्त कर्ज त्या ५ टक्क्यांत धरता येतं, पण अटी आहेत. मुख्य हेतू धर्मादायच हवा, कमाई हा मोठा हेतू नको, आणि पैसा राजकीय प्रचारात किंवा लॉबिंगमध्ये जाता कामा नये.

आता काकांच्या खिशाबद्दल. मुद्दल परत आलं की त्या वर्षी वाटायच्या रकमेत तेवढी भर पडते. म्हणजे तो पैसा पुन्हा बाहेर जायलाच हवा. एकच रुपया आज ठाण्यात पणत्यांना, पुढच्या वर्षी कर्जतला कुणाच्या शिवणयंत्रांना. देणगी एकदा गेली की गेली.

दोन उदाहरणं. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेला सुरुवातीच्या काळात फोर्डने ८ लाख डॉलरची हमी दिली होती. ती बघून इतर बँकांनी कर्ज दिलं, आणि हमीच्या रकमेला कधी हात लावावा लागला नाही. दुसरं न्यूयॉर्कचं. तिथे १९८० साली संस्थांना इमारतींमधलं इंधन वाचवण्यासाठी कर्ज देणारा एक निधी निघाला. बॉयलर बदलला की बिल कमी होणार हे सगळ्यांना कळत होतं, पण बॉयलरचे पैसे आधी कोण घालणार? तोच पुढे नॉनप्रॉफिट फायनान्स फंड झाला. तुमच्या पणत्या म्हणजे तोच बॉयलर.

---

तलावपाळी | १५ जून, सकाळी ९:१०

बॉयलर अमेरिकेत. आपल्याकडे कोण विचारतो पुन्हा वाटलं की नाही ते?

---

उपवनची_सकाळ | १५ जून, सकाळी ९:४८

अहो काका, आपल्याकडे ही पद्धत अमेरिकेआधीची आहे. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ सालचा, मुंबईचाच. परदेशी शिकायला जाणाऱ्यांना ते फुकट शिष्यवृत्ती देत नाहीत, कर्जाऊ शिष्यवृत्ती देतात. शिकून परत करायची, मग ती पुढच्याला. के. आर. नारायणन, जयंत नारळीकर हे त्यातलेच. त्यांना कुणी कर्जबाजारी म्हणालं नाही.

---

तलावपाळी | १५ जून, सकाळी १०:०२

नारळीकरांना पुढे पगार होता. पणती रंगवणाऱ्या मुलाला कुठला पगार?

---

आकडेमोड | १५ जून, दुपारी १:२०

काकांचा प्रश्न रोखठोक आहे आणि तोच खरा प्रश्न आहे. परतफेड कशातून? (वाशीला राहतो, बँकेतून निवृत्त. संस्थांचे अर्ज बरेच नाकारलेत, त्याचं थोडं प्रायश्चित्त म्हणून लिहितोय.)

पैसा उशिरा येणार असेल तर कर्ज. येणारच नसेल तर देणगी. बँकेत बसून मी एवढंच बघत असे. इथे मुलं परतफेड करणार नाहीत, कंपनीचं बिल करणार आहे. म्हणून ताई, मला तुमची मुलं किंवा फाउंडेशन यांपेक्षा त्या कंपन्यांबद्दल विचारायचंय. १३ लाखांची ऑर्डर लेखी आहे का? किती कंपन्यांत विभागलेली आहे? सगळ्यात मोठ्या कंपनीने मार्चपर्यंत पैसे लटकवले, तर हप्ता कुठून भराल?

आणि ते ३ टक्के. एकरकमी ३ टक्के म्हणजे ८ लाखांवर २४,०००. पैसे वर्षभर वापरलेत तर ३ टक्केच. पण ऑगस्टमध्ये घेऊन जानेवारीअखेर फेडलेत, तर सहा महिन्यांसाठी २४,००० म्हणजे वर्षाला ६ टक्के झाले. तरीही बाजारात १८ टक्क्यांनी मिळणाऱ्या विनातारण कर्जापेक्षा खूपच बरं, तिथे सहा महिन्यांचे ७२,००० गेले असते. पण फाउंडेशनला सांगा, जितके दिवस वापरू तितकंच शुल्क घ्या. ऐकतात. आणि ८ लाख एकदम उचलू नका. कच्च्या पणत्यांचे पैसे आधी, खोक्यांचे नंतर.

---

कोपरीकर | १५ जून, रात्री १०:३०

चार कंपन्या आहेत. दोघींची ऑर्डर लेखी, एकीचा 'हो हो, करूया' असा ईमेल, आणि चौथीचं फोनवर. चौथी सगळ्यात मोठी आहे, साडेपाच लाखांची. हे लिहितानाच पोटात गोळा आला. ६ टक्क्यांचं लक्षातच आलं नव्हतं. आभार, दादा.

---

ऐरोलीवाला | १५ जून, रात्री ११:०५

मी अशाच एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे (तुमची नसावी!). फोनवरच्या 'हो'ला आमच्याकडे काडीची किंमत नाही. दिवाळीच्या भेटवस्तूंचं बजेट एचआरकडे असतं आणि ती व्यक्ती सप्टेंबरमध्ये नोकरी सोडून जाते, हा अनुभव आहे. व्हेंडर नोंदणी आत्ता जूनमध्येच करून घ्या. बिलावर पीओ (कंपनीची लेखी खरेदी-ऑर्डर) क्रमांक नसेल तर ते अकाउंट्सच्या टेबलावर पोचतच नाही. साठ दिवस मोजायला लागतात तेच मुळी तिथून.

आणि आगाऊ मागा. ३० टक्के मागितलेत तर कुणी हसणार नाही, फक्त पीओ निघण्याआधी मागा. संस्थावाले मागायला लाजतात, हा तुमचा सगळ्यात मोठा खर्च आहे.

---

जमाखर्च | १६ जून, सकाळी ७:१५

पाचपाखाडीतला सीए. थोडं लांबलचक होईल.

पहिली गोष्ट, धर्मादाय. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ अ प्रमाणे विश्वस्तांना ट्रस्टसाठी कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. घेऊन झाल्यावर कळवलं असं चालत नाही. ठराव, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, कर्ज कशाला आणि फेड कशातून, हे सगळं जोडून अर्ज करा. आता कळीचा प्रश्न. ठरावावर सही करणाऱ्या सगळ्या विश्वस्तांची नावं परिशिष्टावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीवर, आहेत का? निम्म्या संस्था इथेच अडकतात. कुणी वारलंय, कुणी बेंगळुरूला गेलंय, आणि चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद करायचा अर्ज) वर्षानुवर्षं पडून.

दुसरी गोष्ट, शब्द. फाउंडेशनच्या पत्रात 'लोन' लिहिलंय की 'रिटर्नेबल ग्रँट' (परतीचं अनुदान)?

तिसरी, आयकर. कर्जाच्या पैशातून केलेला खर्च त्या वर्षी धर्मादाय कामासाठी वापरलेली रक्कम म्हणून धरत नाहीत, फेड कराल त्या वर्षी धरतात. २०२१ च्या वित्त कायद्यापासून हे स्पष्ट झालं. ट्रस्टला उत्पन्नाच्या ८५ टक्के वापरून दाखवायचे असतात, त्यामुळे कर्ज एका वर्षात आणि फेड दुसऱ्या वर्षात गेली की आकडे वाकडे होतात. तुम्ही ऑगस्टला घेऊन मार्चच्या आत फेडणार असाल तर एकाच वर्षात सगळं मिटतं. आणि पणत्यांच्या विक्रीचे हिशेब वेगळ्या वहीत ठेवा, उद्दिष्टाला पूरक व्यवसायाला ती अट आहेच.

चौथी, देणाऱ्याची बाजू. त्यांच्याकडचा पैसा परदेशी वर्गणीचा असेल तर २०२० च्या एफसीआरए (परदेशी वर्गणीचा कायदा) दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. पैसा देशी आहे असं लेखी घ्या.

---

कोपरीकर | १६ जून, सकाळी ९:२२

पत्र काढून पाहिलं. 'रिटर्नेबल ग्रँट' लिहिलंय. मग हे कर्ज नाहीच ना? परवानगी नको?

आणि परिशिष्टावर एक विश्वस्त आहेत, जे २०१९ साली वारले.

---

जमाखर्च | १६ जून, दुपारी २:४०

ताई, परत करायची तारीख आहे, परत करायची रक्कम आहे, वर शुल्क आहे. त्याला गुलाबजाम म्हटलं तरी ते कर्जच. धर्मादाय कार्यालयात नाव नाही, अटी बघतात. परवानगी घ्या.

हा शब्द का आला तेही सांगतो. आपल्याकडे धर्मादाय ट्रस्टने पैसा कुठे गुंतवायचा याची आयकर कायद्यात यादी आहे आणि 'दुसऱ्या संस्थेला व्याजी कर्ज' त्या यादीत बसत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने अ‍ॅक्मे एज्युकेशनल सोसायटीच्या प्रकरणात सारख्याच उद्दिष्टाच्या संस्थेला दिलेलं बिनव्याजी कर्ज ही गुंतवणूक नव्हे असं म्हटलं. बिनव्याजी हा शब्द लक्षात घ्या. म्हणून फाउंडेशनं व्याज म्हणत नाहीत, शुल्क म्हणतात, आणि कर्ज म्हणत नाहीत, परतीचं अनुदान म्हणतात. अमेरिकेत जसा त्यासाठी सरळ रस्ता कायद्यातच आहे, तसा इथे नाही. इथे गल्लीबोळातून जावं लागतं. म्हणूनच मी तुमच्या जागी असतो तर शुल्कच काढून टाका असं फाउंडेशनला सुचवलं असतं. त्यांच्याच सोयीचं आहे.

वारलेल्या विश्वस्तांचा चेंज रिपोर्ट आजच टाका. उद्या नव्हे.

---

मानपाड्याचा | १६ जून, दुपारी ४:००

सोशल स्टॉक एक्सचेंज, म्हणजे सामाजिक संस्थांना पैसा उभारायचा शेअर बाजार, आलंय ना? त्यावर शून्य-कूपन शून्य-मुद्दल रोखे निघतात म्हणे. व्याज नाही आणि मुद्दलही परत नाही!

पारसिकचा_वारा | १६ जून, दुपारी ४:०६

व्याज नाही, मुद्दल नाही. म्हणजे माझ्या मेहुण्याला दिलेले पैसे.

जमाखर्च | १६ जून, सायं ५:३०

😀 ती रोख्याच्या कपड्यातली देणगीच आहे. पण किमान ५० लाखांची विक्री काढावी लागते. आठ लाखांसाठी नाही.

---

नेरूळची_ताई | १६ जून, रात्री १०:४५

सगळे कसं घ्यायचं ते सांगताहेत, मी न घेण्याचं सांगते.

आम्ही मुलींचं वसतिगृह चालवतो. काही वर्षांपूर्वी वरचा मजला चढवायला एका दात्या संस्थेकडून असंच स्वस्तातलं कर्ज घेतलं. फेड कशातून? एका कंपनीचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा निधी) येणार होता. सगळं ठरलं होतं, म्हणजे जेवताना ठरलं होतं. कंपनीतले साहेब बदलले, नव्या साहेबांना झाडं लावायची होती. मजला झाला, मुली आल्या, पैसे नाही आले.

व्याज फार नव्हतं, त्यांनी मुदतही दोनदा वाढवून दिली, त्याबद्दल तक्रार नाही. पण तीन वर्षं आम्ही मुलींच्या दुधातून हप्ता काढला. दूध रोजचं एक दिवसाआड झालं. हे अहवालात कुठे लिहायचं? आणि त्या संस्थेच्या बाईंशी आमचं छान होतं, फोनवर अर्धा अर्धा तास गप्पा. नंतर नंतर त्यांचं नाव स्क्रीनवर दिसलं की मी फोन उलटा ठेवायचे. त्या चांगल्याच होत्या. पण देणेकऱ्याला चांगला माणूसही चांगला दिसत नाही.

आकडेमोड म्हणतात ते लिहून भिंतीवर लावा. आमचा पैसा उशिरा येणारा नव्हता, न येणारा होता. आम्हाला ते जेवताना कळलं नाही.

---

तलावपाळी | १७ जून, सकाळी ७:००

ताई, दुधाचं वाचून वाईट वाटलं. हेच मी म्हणत होतो.

---

गार्डनस्टेट | १७ जून, सकाळी ८:१०

नेरूळच्या ताईंना सलाम. इमारतीसाठी कर्ज इथेही देतात, पण तिथे भाडं किंवा फी असं काहीतरी दर महिन्याला येणारं लागतं. नुसत्या भरवशावर देणाऱ्याने देणं ही देणाऱ्याचीही चूक. तुमच्या दातृसंस्थेने त्या कंपनीचं पत्र मागायला हवं होतं.

---

आकडेमोड | १७ जून, सकाळी ११:३०

सहमत. देणारा कागद मागतो तेव्हा त्याला खडूस म्हणू नये, तो आपलं दूध वाचवत असतो.

कोपरीकर ताई, सरळ हिशेब करा. लेखी ऑर्डरींचाच आकडा धरा, त्यातून आगाऊ रक्कम वजा करा, उरलेल्या कामाला जेवढं लागेल तेवढंच घ्या. चौथ्या कंपनीचा पीओ आला तरच तिचा माल.

---

कोपरीकर | २ ऑगस्ट, रात्री ११:५०

धागा वर काढतेय. तिसऱ्या कंपनीचा पीओ आला. चौथी अजून 'बघते' आहे, म्हणून तिच्या पणत्या आणल्याच नाहीत. दोन कंपन्यांनी ३० टक्के आगाऊ दिले. मागितल्यावर एक जण म्हणाले, "तुम्ही आधी कधी मागितलेच नाहीत." सहा वर्षं!

८ लाखांचे ४ लाख झाले. फाउंडेशनने शुल्क काढून टाकलं, दोन टप्प्यांत देणार. पत्रात आमच्या सांगण्यावरून एक वाक्य घातलं: परतफेड बिलाचे पैसे जमा झाल्यापासून पंधरा दिवसांत, आणि शेवटची मुदत मार्च. परवानगीचा अर्ज आत आहे. चेंज रिपोर्टसाठी तीन फेऱ्या झाल्या, दिवंगत विश्वस्तांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत त्यांच्या सुनेने पुण्याहून पाठवली.

ज्येष्ठ विश्वस्तांनी ठरावावर सही केली, पण खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'यंदापुरते'.

---

जमाखर्च | ३ ऑगस्ट, सकाळी ७:४०

'यंदापुरते' लिहिलेला ठराव पहिल्यांदाच ऐकला. राहू द्या, कायद्याला हरकत नाही.

---

कोपरीकर | २१ फेब्रुवारी, रात्री ९:१५

शेवटचं. परवानगी यायला सप्टेंबर उजाडला, तोवर पहिल्या खेपेच्या कच्च्या पणत्या कुंभारदादांनी उधारीवर दिल्या. त्यांनी ना तारण मागितलं ना ठराव. पैसे मिळाले, काम झालं. चौथ्या कंपनीचा फोन धनत्रयोदशीच्या आधी आठ दिवस आला, "पाच हजार पणत्या मिळतील का?" नाही म्हटलं.

दोन बिलं डिसेंबरात आली, तिसरं ८३ व्या दिवशी. काल शेवटचे १ लाख २० हजार फाउंडेशनला परत केले. एकही महिना मानधन चुकलं नाही. बांगड्या हातात आहेत. घरी कळलंय, कुणीतरी इथे वाचलं.

---

तलावपाळी | २२ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

अभिनंदन. माझं मत कायम आहे. पुढच्या दिवाळीला आमच्या सोसायटीसाठी शंभर पणत्या हव्यात, पैसे आत्ता देतो.

---

कोपरीकर | २२ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

काका, शंभर नको, ९६ किंवा १०८ सांगा. पुठ्ठ्यावर बाराच गोल आहेत.